झाकण घट्ट बसलं, पण बरणी सुरक्षित आहे का? घरच्या घरी टोमॅटोचं कॅनिंग, टप्प्याटप्प्याने

बरणी गार होताना झाकण ‘टक्’ असा आवाज करून आत बसतं आणि काम फत्ते झालं असं वाटतं. घरच्या कॅनिंगमधली, म्हणजे अन्न बरणीत भरून, उष्णता देऊन हवाबंद टिकवण्यातली, सगळ्यात मोठी चूक इथेच होते. आतली हवा निघून गेली आणि बाहेरची आता आत शिरणार नाही, एवढंच तो आवाज सांगतो. अन्न सुरक्षित झालं की नाही, हे त्यावरून कळत नाही. उलट ज्या जिवाणूची सर्वांत जास्त काळजी घ्यायची, त्या क्लोस्ट्रिडियम बॉट्युलिनमला हवा नसलेली जागाच हवी असते. घट्ट झाकणाखाली, ओलसर आणि कमी आंबट अन्नात, घरातल्या साध्या तापमानाला तो वाढतो आणि विष तयार करतो. विष असलेली बरणी दिसायला, वासाला आणि चवीला अगदी चांगली असू शकते.

म्हणून विचार करायचा तो या क्रमाने: आधी आंबटपणा, मग उष्णता आणि वेळ, आणि झाकण सर्वांत शेवटी. खाली पहिल्या खेपेसाठी टोमॅटो घेतले आहेत. त्यात आंबटपणा, गरम भरणं, मोकळी जागा आणि उंचीनुसार बदलणारी वेळ हे सगळं एकदम शिकायला मिळतं, आणि त्यासाठी महागडं उपकरणही लागत नाही.

## टप्पा १ : पदार्थ कोणत्या गटातला, ते आधी ठरवा

सगळं एका आकड्यावर ठरतं: पीएच ४.६. पीएच जितका कमी, तितका पदार्थ जास्त आंबट. पीएच ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर बॉट्युलिनमचे बीजाणू (त्या जिवाणूचं चिवट, सुप्त रूप) रुजत नाहीत आणि उकळत्या पाण्यातलं कॅनिंग पुरतं. बहुतेक फळं, जॅम आणि पुरेसं व्हिनेगर घातलेल्या भाज्या या गटात येतात. पीएच ४.६ च्या वर असेल, म्हणजे फरसबी, मका, गाजर, बीट, बटाटे, कडधान्यं, मांस, मासे, सूप, तर फक्त प्रेशर कॅनिंगच, म्हणजे दाबाखालच्या वाफेत बरण्या तापवणंच, चालतं.

“मग आम्ही तीन तास उकळू की!” हा प्रश्न हटकून येतो. उपयोग नाही. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर जातच नाही, मग तीन तास उकळा नाहीतर दिवसभर. बॉट्युलिनमचे बीजाणू १०० अंशांना तग धरतात. त्यांना मारायला साधारण ११६ ते १२१ अंश लागतात आणि तेवढं तापमान दाबाखालच्या वाफेतच मिळतं. इथे वेळ वाढवून तापमानाची कसर भरून निघत नाही.

टोमॅटो नेमके सीमेवर आहेत. काही टोमॅटो ४.६ च्या खाली असतात, काही वर, आणि जिभेला तो फरक कळत नाही. गोड लागणारा टोमॅटो कमी आंबट असेलच असं नाही. कदाचित त्यात साखर जास्त असेल. म्हणून प्रत्येक बरणीत बाहेरून आम्ल घालायचंच.

थांबा: पीएच मोजायची कागदी पट्टी वापरून ‘माझे टोमॅटो आंबट आहेत, मला आम्लाची गरज नाही’ असा निष्कर्ष काढू नका. ४.५ आणि ४.७ मधला फरक त्या पट्टीवर भरवशाने वाचता येत नाही.

## टप्पा २ : सामान मांडून ठेवा, मगच टोमॅटोला हात लावा

कॅनिंग मध्येच थांबवता येत नाही. गरम रस पातेल्यात तयार आहे आणि झाकणं सापडत नाहीत, अशी वेळ आली की घाई होते आणि घाईत पायऱ्या गाळल्या जातात. माझ्या पहिल्या खेपेला सहापैकी दोन बरण्या सील झाल्या नाहीत. कारण साधं होतं: पुसायला स्वच्छ फडकं हाताशी नव्हतं, म्हणून मी कडा न पुसताच झाकणं लावली. आता गॅस पेटवण्याआधी सगळं ओट्यावर ओळीने मांडलेलं असतं.

लागणाऱ्या वस्तू:

- कॅनिंगसाठीच बनवलेल्या जाड काचेच्या बरण्या. लहान म्हणजे साधारण ४७५ मिली आणि मोठी म्हणजे साधारण ९५० मिली. याहून मोठी नको, तिच्या मध्यापर्यंत उष्णता वेळेत पोचत नाही.
- दोन भागांची झाकणं: आतल्या कडेला रबरासारखा थर असलेली चपटी चकती आणि तिला धरून ठेवणारी आट्यांची रिंग. रिंग पुन्हा वापरता येते, चकती नाही. प्रत्येक खेपेला नवी चकती घ्यायची.
- बरण्या बुडून वर किमान २.५ सेंटिमीटर पाणी राहील आणि तरीही खळखळून उकळायला जागा उरेल एवढं खोल पातेलं, झाकणासह.
- पातेल्याच्या तळाशी ठेवायची जाळी. बरणी थेट तळाला टेकली की तडकते.
- बरण्या उचलायचा चिमटा, रुंद तोंडाचं नरसाळं, लाकडी किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी, मोजायचे चमचे, घड्याळ.
- सायट्रिक ॲसिड किंवा बाटलीतला लिंबाचा रस.

ताज्या लिंबाऐवजी बाटलीतला रस का? लिंबागणिक आंबटपणा बदलतो, बाटलीतल्या रसाचा ठरलेला असतो. मी स्वतः सायट्रिक ॲसिड वापरते. मोजायला सोपं आणि टोमॅटोच्या चवीत लिंबाची चव मिसळत नाही.

विकतच्या सॉसची किंवा जॅमची रिकामी बरणी टाकवत नाही, हे मला समजतं. ती कोरड्या जिन्नसांसाठी ठेवा. तिची काच आणि झाकण एकदाच वापरण्यासाठी केलेलं असतं.

तपासा: प्रत्येक बरणीच्या तोंडावरून बोट हळूच गोल फिरवा. केसाएवढी खाच लागली तरी ती बरणी बाजूला काढा.

## टप्पा ३ : बरण्या गरम ठेवा

बरण्या साबणाने धुवा, नीट खळबळून घ्या, जाळीवर ठेवा, गरम पाण्याने भरा आणि पातेल्यातलं पाणी उकळीच्या जरा खाली तापत ठेवा. टोमॅटो तयार होईपर्यंत त्या तिथेच राहू द्या. पाणी कठीण असेल तर पातेल्यात थोडं पांढरं व्हिनेगर घाला, म्हणजे काचेवर पांढरा थर बसत नाही.

आपण पुढे ३५ मिनिटं किंवा जास्त वेळ उकळणार आहोत, त्यामुळे बरण्या आधी वेगळ्या उकळून निर्जंतुक करण्याची गरज नाही. उकळण्याची वेळ १० मिनिटांपेक्षा कमी असेल तेव्हाच ती पायरी लागते. इथे बरण्या गरम ठेवायच्या त्या काच तडकू नये म्हणून. गरम रसाला गरम बरणी, गरम बरणीला गरम पाणी.

## टप्पा ४ : टोमॅटो सोलणं आणि शिजवणं

सहा लहान बरण्यांना साधारण सव्वाचार किलो टोमॅटो लागतात. पिकलेले पण घट्ट निवडा. अति पिकलेले, बुरशी लागलेले किंवा वाळून मेलेल्या वेलावरचे टोमॅटो घेऊ नका. अशा फळांत आंबटपणा घटलेला असतो.

उकळत्या पाण्यात ३० ते ६० सेकंद, साल फाटेपर्यंत बुडवा, लगेच गार पाण्यात टाका. साल हाताने निघून येते. देठाकडचा कठीण भाग आणि डाग काढून चार फोडी करा.

आता या पायरीवर जरा रेंगाळूया, कारण बरणीत खाली पाणी आणि वर चोथा असे दोन थर का होतात, याचं उत्तर इथे आहे. टोमॅटो चिरला की त्यातली विकरं (एन्झाइम) रस दाट ठेवणारं पेक्टिन तोडायला लागतात आणि रस पातळ होत जातो. उष्णतेने हे थांबतं, पण उष्णता लवकर मिळाली तरच. सगळे टोमॅटो चिरून तासभर ठेवले तर तोवर व्हायचं ते होऊन जातं. म्हणून असं करा: एकूण फोडींपैकी साधारण सहावा भाग मोठ्या पातेल्यात टाका, मोठ्या आचेवर लाकडी चमच्याने ठेचत ठेचत उकळी आणा. रस सुटून खळखळला की उरलेल्या फोडी थोड्या थोड्या करून, सतत ढवळत घाला. या ठेचायची गरज नाही, आपोआप मऊ होतात. सगळ्या घालून झाल्या की मंद उकळीवर ५ मिनिटं ठेवा.

थर झालेली बरणी बिघडलेली नसते. वापरताना हलवून घ्या.

थांबा: यात कांदा, लसूण, मिरची किंवा तेल घालू नका. कांदा, लसूण आणि मिरची कमी आंबट असतात, त्यांनी सगळ्या बरणीचा पीएच वर सरकतो. पीठ किंवा कॉर्नफ्लॉवर घालून दाटही करू नका, दाट पदार्थात उष्णता मध्यापर्यंत नीट पोचत नाही. फोडणी, दाटपणा, मसाले हे सगळं बरणी उघडल्यावर करता येतं.

## टप्पा ५ : आम्ल बरणीत, पातेल्यात नाही

ही पायरी सर्वांत जास्त चुकते. बरेच जण सगळं आम्ल एकदम पातेल्यात घालतात. मग कुठल्या बरणीत किती गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. एकेक बरणी पाण्यातून काढा, रिकामी करा आणि तिच्या तळाशी मोजून आम्ल घाला:

- लहान बरणी: पाव छोटा चमचा सायट्रिक ॲसिड किंवा १ मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस.
- मोठी बरणी: अर्धा छोटा चमचा सायट्रिक ॲसिड किंवा २ मोठे चमचे रस.

छोटा चमचा म्हणजे ५ मिलीचा, मोठा म्हणजे १५ मिलीचा, आणि सपाट भरलेला. जेवणाच्या चमच्याने अंदाज घेऊ नका. चव फार आंबट वाटली तर खाताना थोडी साखर घाला. साखरेने चव बदलते, पीएच बदलत नाही. आम्ल मात्र कमी करायचं नाही.

मीठ हवं तर घाला. इथे ते फक्त चवीसाठी आहे.

## टप्पा ६ : भरणं

नरसाळं लावून उकळता टोमॅटो भरा आणि वर सव्वा सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. ही मोकळी जागा अंदाजाने ठेवायची नसते. कमी ठेवली तर उकळताना रस वर येऊन झाकणाखाली अडकतो आणि सील बसत नाही. जास्त ठेवली तर आतली सगळी हवा ठरलेल्या वेळात बाहेर पडत नाही आणि वरचा थर काळवंडतो. जॅमला साधारण ६ मिलिमीटर पुरतात, प्रेशर कॅनिंगच्या बहुतेक पदार्थांना अडीच सेंटिमीटर लागतात. एक पट्टी हाताशी ठेवा.

पातळ लाकडी पट्टी कडेने आत घालून फिरवा, अडकलेले बुडबुडे वर येतील. सुरी नको, तिने काचेला आतून ओरखडा पडतो आणि तिथूनच बरणी फुटते. बुडबुडे गेल्यावर पातळी खाली येते. मोकळी जागा पुन्हा मोजा, लागलं तर भर घाला.

स्वच्छ ओल्या फडक्याने बरणीची कड पुसा. टोमॅटोची एक बी राहिली तरी सील बसत नाही. चकती ठेवा, रिंग फिरवा आणि बोटांच्या टोकांनी सहज घट्ट होईल तेवढीच घट्ट करा. मनगटाचा जोर लावून आवळलेली रिंग ही नेटकेपणाची खूण वाटते, पण उकळताना हवा बाहेर पडायला वाट लागते. ती बंद झाली तर चकती वाकते.

## टप्पा ७ : उकळणं आणि वेळ मोजणं

भरलेल्या बरण्या उभ्याच, न कलवता जाळीवर ठेवा. वर किमान २.५ सेंटिमीटर पाणी आहे ना, ते पाहा. झाकण ठेवा, आच वाढवा. पाणी पूर्ण खळखळायला लागल्यावर घड्याळ सुरू करा, बरण्या ठेवल्या तेव्हापासून नाही.

समुद्रसपाटीपासून जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. दर ३०० मीटरला साधारण १ अंश उतरतो. म्हणून तुमच्या गावाची उंची शोधून कॅनिंगच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. ठेचून भरलेल्या टोमॅटोसाठी वेळ अशी:

- ३०० मीटरपर्यंत: लहान बरणी ३५ मिनिटं, मोठी ४५.
- ३०० ते ९०० मीटर: लहान ४०, मोठी ५०.
- ९०० ते १८०० मीटर: लहान ४५, मोठी ५५.
- १८०० मीटरच्या वर: लहान ५०, मोठी ६०.

तुमची बरणी ४७५ मिलीपेक्षा जराही मोठी असेल तर मोठ्या बरणीची वेळ धरा. मध्येच खळखळ थांबली तर पुन्हा उकळी आणून वेळ पहिल्यापासून मोजा. पाणी आटलं तर उकळतं पाणीच घाला.

थांबा: गरम रस भरून बरणी उलटी ठेवणं, ओव्हनमध्ये बरण्या तापवणं, जॅमवर मेण ओतणं हे प्रकार आजही सांगितले जातात. उलट्या बरणीचं झाकण बसतंसुद्धा, आणि फसगत तिथेच होते, कारण अन्नाला पुरेशी उष्णता मिळालेलीच नसते. ओव्हनची कोरडी हवा उष्णता नीट पोचवत नाही, शिवाय काच फुटते.

## टप्पा ८ : गार होऊ द्या, हात लावू नका

वेळ संपली की आच बंद करा, पातेल्याचं झाकण काढा आणि ५ मिनिटं थांबा. घाईने बाहेर काढलेल्या बरणीतून रस उसळून बाहेर येतो. मग चिमट्याने सरळ उभ्या उचला आणि जाड फडक्यावर, एकमेकींत थोडं अंतर सोडून, वारा लागणार नाही अशा जागी ठेवा. झाकणावर साचलेलं पाणी ओतून टाकायचा मोह होतो. बरणी कलवू नका, ते आपोआप सुकतं.

१२ ते २४ तास तशाच राहू द्या. रिंग सैल वाटली तरी पुन्हा आवळू नका, नुकतंच बसत असलेलं सील त्याने तुटतं.

तपासा: १२ ते २४ तासांनी चकतीच्या मधोमध बोटाने दाबा. खाली-वर होता कामा नये. मग रिंग काढा आणि फक्त चकतीच्या कडेला धरून बरणी ओट्यापासून जेमतेम वर उचला. टिकली तर सील पक्कं. न बसलेली बरणी लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि काही दिवसांत संपवा. नाहीतर २४ तासांच्या आत पदार्थ पुन्हा उकळून, कड तपासून, नवी चकती लावून पूर्ण वेळ परत द्या. रस थोडा कमी झाला असला तरी सील पक्कं असेल तर बरणी चालते. रस भरायला ती उघडू नका.

बरण्या धुऊन पुसा, पदार्थ आणि तारीख लिहा, आणि रिंग काढूनच ठेवा. रिंग लावलेली असली की सुटलेलं सील लक्षात येत नाही, वर ती गंजतेही. जागा अंधारी, कोरडी, १० ते २१ अंशांची. चवीसाठी वर्षभरात वापरून टाका.

## टप्पा ९ : प्रेशर कॅनरकडे कधी वळायचं

टोमॅटोच्या दोन-तीन खेपा नीट जमल्यावर. वर सांगितलेलं भरणं, पुसणं, रिंग लावणं सगळं तेच आहे. वेगळ्या गोष्टी तीन.

पहिली, स्वयंपाकाचा नेहमीचा प्रेशर कुकर चालत नाही. कॅनिंगच्या वेळा ज्या मोठ्या कॅनरवर तपासल्या आहेत, तो तापायला आणि गार व्हायलाही बराच वेळ घेतो, आणि तो वेळ जिवाणू मारण्याच्या हिशोबात धरलेला असतो. लहान कुकर झटपट तापतो, झटपट निवतो. त्यामुळे शिट्ट्या मोजून हे गणित बसत नाही. किमान चार मोठ्या बरण्या उभ्या मावतील असा कॅनरच हवा.

दुसरी, झाकणावरच्या वाफेच्या तोंडावर वजन ठेवण्याआधी वाफेचा जोरदार झोत १० मिनिटं सलग बाहेर जाऊ द्यायचा. आत हवा उरली तर काटा योग्य दाब दाखवतो, पण तापमान कमीच राहतं.

तिसरी, उंची वाढली की इथे मिनिटं वाढवायची नसतात, दाब वाढवायचा. फरसबीचं उदाहरण घ्या: वजनाचा कॅनर (दाब काट्याऐवजी वजनाने राखणारा) असेल तर लहान बरणीला २० आणि मोठीला २५ मिनिटं, ३०० मीटरपर्यंत १० पौंड दाब, त्यावर १५ पौंड. दाब एकदा जरी खाली आला तर पुन्हा वर आणून वेळ पहिल्यापासून मोजायची. शेवटी कॅनर आपोआप निवू द्यायचा, त्यावर पाणी ओतायचं नाही. दाब शून्यावर आल्यावर आणखी १० मिनिटं थांबून झाकण स्वतःपासून लांब कलवून उघडा.

भोपळ्याचा गर, किंवा कुस्करलेली कुठलीही कमी आंबट भाजी, प्रेशर कॅनरमध्येही घरी करू नका. ती फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना ठेवा.

## टप्पा १० : बरणी उघडताना

आधी नुसतं बघा. फुगलेली चकती, कडेने ओघळलेला रस, वर चढणारे बुडबुडे, उघडताना फसकन उडणारं पाणी, बुरशी, विचित्र वास. यातलं एक जरी दिसलं तरी ती बरणी खायची नाही. चाखून बघायची तर मुळीच नाही. बॉट्युलिनमचं विष अगदी थोडं पोटात गेलं तरी पुरतं. फुगलेली बंद बरणी न उघडता जाड पिशवीत गुंडाळून, मुलं आणि जनावरं पोचणार नाहीत अशी टाका.

प्रेशर कॅनिंगने केलेले कमी आंबट पदार्थ खाण्याआधी १० मिनिटं खळखळून उकळा, आणि उंचीवर राहत असाल तर दर ३०० मीटरला एक मिनिट वाढवा. बीजाणू उकळीत टिकतात, पण विष उकळीने नष्ट होतं. मात्र हा जादाचा बंदोबस्त आहे. प्रक्रियाच चुकलेली बरणी उकळून वाचवायला जाऊ नका.

कॅनिंगचं अन्न खाल्ल्यावर काही तासांत किंवा काही दिवसांत एकाचे दोन दिसू लागले, पापण्या जड होऊन उतरल्या, बोलताना जीभ अडखळली, गिळायला त्रास झाला किंवा हातापायांतली ताकद गेली, तर वाट न बघता रुग्णालयात जा. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की घरी बरणीत भरलेलं अन्न खाल्लं होतं, कोणतं आणि कधी. यावर प्रतिविष असतं, आणि ते जितक्या लवकर मिळेल तितका त्याचा उपयोग जास्त होतो.